निफाडची पिवळी आरएम : एका टीम रेप्लिकेचं प्रकरण

मालकाची मागणी एका वाक्यात संपत होती. "दादा, एरिक गेबोर्सची गाडी करून द्या. एक नंबरच्या प्लेटसकट." गेबोर्स म्हणजे सुझुकीचा जुना मोटोक्रॉस विजेता. समोर होती सुझुकी आरएम १२५, टू-स्ट्रोक मोटोक्रॉसची गाडी, निफाडकडच्या एका द्राक्षबागेत औषधांच्या शेडमध्ये कित्येक वर्षं भिंतीला टेकवून ठेवलेली. किक खाली जात नव्हती, मागचं चाक जाम होतं, हवेच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता.

मालक स्वतः कधी मोटोक्रॉस खेळलेला नाही. गाडी त्याच्या चुलत्यांची. त्यांना गावात सगळे तात्याच म्हणतात. उमेदीच्या काळात ते डर्ट ट्रॅकवर परदेशी गाड्यांच्या क्लासमध्ये ती पळवायचे. नाशिकला रॅलीचं आणि डर्ट ट्रॅकचं वेड जुनंच, त्यामुळे अशा एकदोन गाड्या इथल्या शेडमध्ये, माळ्यावर अजूनही निघतात. निघाल्या की घरातल्या पोराच्या मोबाइलवर युरोपातल्या चकाचक गाड्यांचे फोटो येतात आणि मग "अशीच करायची" असं ठरतं. हे प्रकरण त्या "अशीच"चं आहे.

साल आधी, स्वार नंतर

गेबोर्सचं नाव पुतण्याच्या डोक्यात कसं बसलं हे समजण्यासारखं आहे. १२५ सीसी मोटोक्रॉसची जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून १९८४ पर्यंत सलग दहा वर्षं विजेतेपद सुझुकीकडेच राहिलं. पहिली तीन वर्षं बेल्जियमचा गास्टन राहिए, १९७८ ला जपानचा अकिरा वातानाबे, पुढची तीन हॅरी एव्हर्ट्स, मग १९८२ आणि १९८३ एरिक गेबोर्स, आणि शेवटी इटलीचा मिकेले रिनाल्दी. गेबोर्स पुढे होंडावर जाऊन २५० आणि ५०० चाही विजेता झाला. तिन्ही क्लास जिंकणारा तो पहिला, म्हणून त्याला 'मिस्टर ८७५' म्हणायचे. तिन्ही आकड्यांची बेरीज.

घरात गाडी '८३ची' म्हणून ओळखली जायची. सुझुकीची वर्षाची अक्षरं ठरलेली आहेत: १९८० ला टी, १९८१ ला एक्स, १९८२ ला झेड, १९८३ ला डी. चेसिस नंबर घासून वाचला, पार्ट्स कॅटलॉग शेजारी ठेवला, सिलिंडर आणि मागची लिंकेज, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्या आणि सांधे, ताडून पाहिली. गाडी झेड निघाली, म्हणजे १९८२ ची. '८३ची' हा बहुधा गाडी पहिल्यांदा कोणाच्या हाती आली त्याचा हिशेब असावा.

इथे एक नंबरची प्लेट अडकली. एक नंबर मिळतो आदल्या वर्षीच्या विजेत्याला. गेबोर्सने पहिलं विजेतेपद मिळवलं १९८२ मध्ये, म्हणजे एक नंबर मिरवायचं त्याचं वर्ष १९८३. १९८२ च्या लोखंडावर १९८३ ची प्लेट लावली तर रेप्लिका कोणत्याच सालाची राहत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. गेबोर्स आरएम चालवतच नव्हता. कारखान्याच्या टीमची १२५ म्हणजे आरए. २५० ला आरएच आणि ५०० ला आरएन ही त्यांची खुणेची अक्षरं. त्या गाड्या विक्रीला नसत. मॅग्नेशियमची कव्हरं, टायटॅनियमचे बोल्ट, हाताने घडवलेले पार्ट, हंगाम संपला की जपानला परत. अमेरिकेने १९८६ पासून आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत अशा गाड्यांना दार बंद केलं आणि दुकानात मिळते त्याच गाडीवर शर्यत लावली. तेव्हा आरएमची 'वर्क्स रेप्लिका' म्हणजे दिसण्यापुरती नक्कल, हे आधीच बोलून घेतलेलं बरं. ॲल्युमिनियमच्या कव्हरला मॅग्नेशियमसारखा करडा रंग मारून लोकांना चकवणं मला जमत नाही आणि पटतही नाही.

पुतण्या नाराज झाला. "एवढं कोण बघतंय दादा?" खरं सांगायचं तर अशी गाडी बघायला थांबणारा माणूस नेमकं एवढंच बघतो. बाकीचे पिवळा रंग बघून पुढे जातात.

तोडगा तात्यांमुळे निघाला, तोही त्यांच्या नकळत. पुढच्या प्लेटवर स्टिकरांचे थर होते. हीट गन लावून एकेक सोलला तर सगळ्यात खाली, हाताने कापलेल्या रेडियममध्ये १४ निघाला. तात्यांचा नंबर. ठरलं की रेप्लिका टीमची करायची, स्वाराची नाही: १९८२ ची सुझुकी, १२५ चा क्लास, नंबर १४. सुझुकीच्या ताफ्यात आणखी एक स्वार असता तर त्याची गाडी कशी दिसली असती, इतपत स्वातंत्र्य मी घेतलं. कट्टर संग्राहकाला हे रुचणार नाही. मला मात्र दुसऱ्याच्या विजेतेपदाचा आकडा लावण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक वाटतं.

प्लेटचा रंगही यातूनच ठरला. तात्यांच्या काळात कोणीतरी प्लेट पिवळी करून ठेवली होती. जागतिक स्पर्धेच्या तेव्हाच्या नियमात पिवळ्यावर काळे आकडे म्हणजे ५००, हिरव्यावर पांढरे म्हणजे २५०, आणि काळ्यावर पांढरे म्हणजे १२५. प्लेट काळी झाली. फोटोत ही बाब चटकन डोळ्यांत भरत नाही, पण रेप्लिका फसते ती बहुतेक वेळा इथेच.

मोरचुदाने खाल्लेला चिमटा

गंज सगळीकडेच असतो. या गाडीला वेगळंच दुखणं होतं. शेडमध्ये एका बाजूला भुरीसाठीच्या गंधकाच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला डावणीसाठी बोर्डो मिश्रण करायचा ड्रम. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. ओलाव्याबरोबर तो ॲल्युमिनियमवर बसला की तांबं धातूवर चिकटतं आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी झिजायला लागतं. गंधक आणि दमट हवा मिळून आम्ल तयार होतं, ते निराळंच.

मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, ॲल्युमिनियमचा, चौकोनी पोकळ पट्टीचा. डाव्या बाजूला, जिथे ड्रमचे शिंतोडे उडायचे, तिथे निळसर हिरवा थर साचलेला. नखाने खरवडला की खाली पांढरी भुकटी, आणि भुकटी पुसली की टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. वरवरच्या खड्ड्यांची चिंता नव्हती. चिंता होती वेल्डच्या कडांची, कारण तडा सुरू होतो तो तिथूनच.

सातपूर एमआयडीसीत डाय पेनिट्रंट तपासणी करून देणारे जॉब शॉप सापडतात. लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर येते. शॉकच्या खालच्या ब्रॅकेटच्या वेल्डपाशी ती आली, केसासारखी, करंगळीच्या पेराएवढी. तडा मुळापर्यंत घासून काढला, आर्गॉन वेल्डिंग करून घेतलं, आतल्या बाजूने छोटी पट्टी जोडली आणि पुन्हा तपासलं. रेघ आली नाही. तरी वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, ते जुन्या ताकदीला येत नाही. म्हणून मालकाला लेखी सांगितलं: ही गाडी मैदानात फिरेल, उड्या मारणार नाही. नवा चिमटा मिळेल तेव्हा बघू.

मालकाला मात्र रंगाची घाई होती. चिमटा पावडर कोट केला असता तर खड्डेही झाकले असते आणि पुढे येणारे तडेही. चिमटा विनारंग, नुसता ब्रश फिरवून ठेवला. तो टीमच्या गाड्यांइतका झळकत नाही. न झळको.

फुल फ्लोटर

या पिढीच्या आरएमचं सगळ्यात देखणं अंग सीटच्या खाली लपलेलं असतं. १९८१ मध्ये सुझुकीने फुल फ्लोटर नावाचं मागचं सस्पेन्शन आणलं. साध्या गाडीत शॉकचं एक टोक फ्रेमला बांधलेलं असतं. इथे शॉकचं खालचं टोक चिमट्यावर आणि वरचं टोक एका झुलत्या रॉकरवर. चिमटा वर आला की दोन दांड्या त्या रॉकरला ढकलतात आणि रॉकर शॉकला वरून दाबतो. शॉक दोन्हीकडून दाबला जातो आणि फ्रेमला थेट कुठेच टेकत नाही. नाव पडलं ते यामुळेच. सुरुवातीला मऊ, शेवटाकडे कडक, अशी चाल त्यातून मिळते. त्या काळात या सस्पेन्शनला तोड नव्हती असं म्हणणारे आजही भरपूर आहेत.

यामागे कोर्टकज्जाही आहे. डॉन रिचर्डसन नावाच्या अमेरिकन तरुणाने आपली पेटंट असलेली कल्पना सुझुकीने वापरली म्हणून दावा लावला, आणि १९८९ मध्ये तिथल्या अपील कोर्टाचा निकालही त्याच्या बाजूने गेला. सुझुकीने त्याआधीच, १९८६ च्या मॉडेलपासून, मूळ रचना बदलली होती. म्हणजे खरी फुल फ्लोटर आरएम मोजक्याच वर्षांची. झेड त्यात येते, आणि मला विचाराल तर गेबोर्सच्या नावापेक्षा या गाडीची खरी किंमत इथे आहे.

दुर्दैवाने दुर्लक्ष झालं की पहिला बळी याच लिंकेजचा जातो. सांधे अनेक, प्रत्येकात बेअरिंग किंवा बुश, आणि सगळे चिखलाच्या वाटेत. सर्व्हिसिंगवाल्याने प्रेशरचं पाणी मारलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. आमच्या रॉकरचा बोल्ट हायड्रॉलिक प्रेसखेरीज हलला नाही. बेअरिंगच्या सुयांची तांबडी भुकटी झाली होती.

मूळ माप घेऊन बाहेरून सुट्या सुया आणि सील मागवली. जिथे मूळ रचनेतच बुश होते तिथे अंबडच्या लेथवाल्या काकांनी फॉस्फर ब्राँझचे करून दिले. काका आयुष्यभर टूल रूममध्ये राहिलेले. त्यांनी बुश एकदम मापात न करता किंचित जाड ठेवला, प्रेसने बसवला आणि बसवल्यावर भोक मापात आणायला रीमर फिरवला. "बसवताना तो आक्रसतो. आधीच माप गाठलं तर पिन जाणार कशी?" मायकोच्या (आताची बॉश) आणि त्याच्या सप्लायरांच्या शिस्तीत वाढलेले असे हात या शहरात अजून आहेत, म्हणून ही कामं इथे होतात. मुंबईला पाठवायची गरज लागली नाही.

शॉकमध्ये नायट्रोजन भरायचा होता. टायरवाल्याकडचा नायट्रोजन इथे उपयोगाचा नाही, दाबच पुरत नाही. साधारण दहा बार लागतो. एसी दुरुस्तीवाल्याकडे मोठा सिलिंडर आणि रेग्युलेटर असतो, त्याच्याकडे काम झालं.

इंजिनाचं बीपी

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंपच. त्याला सुईच्या टोकाएवढी गळती असली तरी बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतं. म्हणून इंजिन जोडल्यावर पहिलं काम किक मारणं नव्हे, दाब धरतो का ते पाहणं. इनटेक आणि एक्झॉस्टला रबराचे बूच, मध्ये हवेचा पंप, आणि मोजायला रक्तदाब तपासायच्या यंत्राची डायल. डायलवरचा ३०० म्हणजे बरोबर ०.४ बार, या कामाला हवा तितकाच. मिनिटाला फारसा न उतरता सहा मिनिटं टिकला तर इंजिन घट्ट.

पहिल्यांदा काटा बघता बघता खाली आला. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटोच्या सीलपाशी एकही बुडबुडा नाही. बुडबुडे सिलिंडरच्या बुडाशी, पॅकिंगच्या एका कोपऱ्यात. पृष्ठभागावर मोरचुदाचाच एक खड्डा होता. सिलिंडरचा तळ सरफेस प्लेटवर घासून घेतला, नवं पॅकिंग बसवलं. पुतण्या रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "दादा, आज बीपी किती?"

बाकी इंजिन नेहमीच्या वाटेने गेलं. क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड, पिन, बेअरिंग. व्ही-ब्लॉकवर डायल लावून डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत आणली. बोअर पुढच्या मापाला. रीडच्या, म्हणजे इनटेकच्या झडपेच्या, पाकळ्यांच्या कडा चिरल्या होत्या, त्या बदलल्या. केसवर वाळूचा मारा करू दिला नाही. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत राहिला तर नवं बेअरिंग किती टिकणार? रॉकेल, ब्रश आणि वेळ. एवढ्यावर भागतं.

कार्बोरेटरबद्दल एक सांगायलाच हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ८० च्या दशकातलं रबर फुगवतं. नळ्या, ओ-रिंग, सुईच्या टोकाचं रबर सगळं आजच्या पेट्रोलला टिकेल असं घातलं. फिरवून झालं की टाकी आणि बाउल दोन्ही रिकामे करायचे, हा नियम. ऑइल ३२ ला १ च्या प्रमाणात, चांगलं सिंथेटिक. तात्यांचा आग्रह २० ला १ चा होता, त्यांच्या काळातल्या तेलाच्या हिशेबाने. त्यांच्यासमोर वाद घातला नाही; डब्यावर ३२ लिहून ठेवलं.

पिवळं प्लास्टिक

लोक पैसे मोजतात ते या भागाला, आणि कष्ट सगळ्यात कमी लागतात तेही इथेच. त्यामुळे थोडक्यात.

टाकी प्लास्टिकची. अशा टाकीवर रंग धरत नाही, आणि पेट्रोलची वाफ भिंतीतून झिरपत बाहेर येते. वरून स्टिकर लावला की खाली वाफ अडकते, आणि महिन्याभरात स्टिकरला फोड येतात. उपाय दोन: टाकी कोरडी करून झाकण काढून बराच काळ हवेशीर ठेवायची, आणि बारीक छिद्रं असलेला स्टिकर वापरायचा. दोन्ही केले. उन्हाने फिकट झालेला वरचा थर ब्लेडने खरवडून, पाण्याच्या पॉलिशपेपरने उतरत्या क्रमाने घासला. खालून मूळ पिवळा वर आला. मडगार्ड मात्र ठिसूळ झालेले, ते नव्याने बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून आणले. कुरिअर आणि कस्टम धरून ते वस्तूपेक्षा जड पडले. नवं मडगार्ड आणि जुनी टाकी यांच्या पिवळ्यात किंचित फरक दिसतो. दोन वेगळी प्लास्टिकं एकसारखी फिकट होत नाहीत, तेव्हा हा फरक मी लपवला नाही.

प्रायोजकांच्या स्टिकरांची गर्दी टाळली. ज्या ज्या चिन्हाचा १९८२ च्या हंगामातला फोटो हाती होता तेवढंच लावलं. रेप्लिकेच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या सालांचे स्टिकर एकाच गाडीवर मिरवताना दिसतात. त्यापेक्षा मोकळी जागा बरी.

फ्रेमचा रंग कॅटलॉगवरून ठरवला नाही. स्टीअरिंगच्या बेअरिंगखाली, ग्रीसने झाकलेल्या जागी मूळ रंगाचा तुकडा जिवंत होता. तो पुसून रंगवाल्याला दाखवला आणि पीयू पेंट त्याला जुळवून घेतला. चेसिस नंबरवर टेप लावूनच ब्लास्टिंग केलं. नंबर बुजला की गाडीची ओळखच संपते, आणि अशा गाडीला आरसी नसतेच. आयातीचे जुने कागद आणि तो कोरलेला नंबर एवढाच पुरावा.

आरसी नाही म्हणजे रस्ताही नाही. पुतण्याला वाटत होतं की गंगापूर रोडने एक फेरी मारू. तसं करता येत नाही. गाडी छोट्या हत्तीत घालून शेतावरच्या मोकळ्या पडीकात नेली. किक तिसऱ्या-चौथ्या दणक्याला लागली. तात्या आधी बसले नाहीत. त्यांनी पुढचा ब्रेक दाबून पाहिला, हँडल थोडं मागे घ्यायला लावलं आणि मग नातवाला बसवलं.

मागची चाल मऊ आणि सरळ आहे, लिंकेजमधून आवाज नाही. टायर अजून तात्पुरते आहेत. हिरोच्या एक्सपल्समुळे पुढे २१ आणि मागे १८ इंचाचे टायर आता कुठेही मिळतात, पण १२० रुंदीचा मागचा टायर या हलक्या गाडीला जास्तच भरतो. खरा मोटोक्रॉस टायर मागवलाय.

राहिलेलं काम गिअरबॉक्सचं. इंजिन उघडलं तेव्हाच दिसलं होतं की दुसऱ्या गिअरच्या डॉगची, म्हणजे गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांची, टोकं गोल झालीत, पण त्या जोडीचा पार्ट मिळाला नाही आणि जुन्यावरच इंजिन बंद करावं लागलं. जोरात ताणलं की दुसरा सुटतो. युरोपातल्या एका जुन्या पार्टवाल्याकडे जोडी असल्याचं कळलंय, भाव ठरायचाय. तोवर तात्यांनी नातवाला सांगून ठेवलंय, दुसऱ्यावर रेंगाळायचं नाही, टाकला की लगेच तिसरा.